बुलगोगी भाजली न जाता शिजते, आणि मग करपते: घरच्या कोरियन बार्बेक्यूतील नेहमीच्या बिघाडाचे निवारण

आधी लक्षणे पाहावीत, कारण हा बिघाड फार ठरावीक पद्धतीने समोर येतो. तव्यावर बुलगोगी, म्हणजे सोया सॉस आणि साखरेच्या मसाल्यात मुरवलेले मांसाचे पातळ काप, टाकताच चर्र असा आवाज येतो, पण मिनिटभरात तो मंदावतो आणि त्याच्या जागी बुडबुड ऐकू येऊ लागते. मांस तांबूस होण्याऐवजी करडे पडते, त्याच्या कडेने फेसाळ, राखाडी पाणी जमते. पाणी आटावे म्हणून आच वाढवली की ते आटते खरे, पण तोवर मांस चिवट झालेले असते आणि पाण्यात उतरलेली साखर व सोया सॉस तव्यावर काळ्या, कडवट थराच्या रूपाने चिकटून बसतात. दुसरा घाणा त्याच थरावर पडतो, खोलीत धूर होतो, आणि इकडे टेबलावरच्या वाट्यांमध्ये पालकाच्या व काकडीच्या बानचानखाली, म्हणजे तोंडी लावण्याच्या पदार्थांखाली, बोटभर पाणी साचलेले दिसते. यांपैकी तीन गोष्टी एकाच जेवणात घडल्या असतील, तर पुढे लिहिलेले सर्व तुमच्यासाठी आहे.

मी गेली नऊ वर्षे सोलच्या दक्षिणेला असलेल्या सुवोन शहरात राहते. मिठात मुरवून भाजलेल्या गाल्बीसाठी, म्हणजे बैलाच्या किंवा गाईच्या बरगड्यांच्या मांसासाठी, हे शहर प्रसिद्ध आहे. इथल्या मराठी घरांत आणि सुट्टीत पुण्याला गेल्यावर नातेवाइकांच्या स्वयंपाकघरांत मी हाच बिघाड इतक्या वेळा दुरुस्त केला आहे, की आता दारातूनच आवाज ऐकून तो ओळखता येतो. बहुतेकांची समजूत अशी असते की शेगडीची आच कमी पडते, म्हणून ते नवी शेगडी किंवा महागडा तवा विकत आणतात. माझा अनुभव वेगळा आहे. दहातील आठ वेळा दोष आचेचा नसून पाण्याचा असतो, आणि तो एक पैसाही खर्च न करता दूर होतो.

याचे कारण उपाहारगृहाच्या टेबलाकडे नीट पाहिल्यास समजते. तिथे खाली कोळसा असतो, वर जाळी असते आणि मांसातून सुटणारे पाणी जाळीतून थेट खाली पडून नाहीसे होते. घरी आपल्याकडे सपाट किंवा किंचित उतरता तवा असतो, त्यामुळे सुटलेले प्रत्येक थेंबभर पाणी मांसाखालीच राहते. पाणी असेपर्यंत त्या जागेचे तापमान १०० अंश सेल्सियसच्या फार वर जाऊ शकत नाही, आणि मांसाला खरपूस रंग व वास देणारी रासायनिक क्रिया वेगाने घडायला साधारण १४० अंशांच्या पुढे जावे लागते. हिशेब करून पाहा. १०० ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ करण्यासाठी सुमारे २२६ किलोज्यूल उष्णता लागते. टेबलावरच्या लहान गॅस शेगडीची एक किलोवॅट उष्णता प्रत्यक्ष तव्याला मिळते असे धरले, तर अर्धी वाटी पाणी आटवण्यातच जवळजवळ पावणेचार मिनिटे जातात. दोन-तीन मिलिमीटर जाडीचा मांसाचा काप तेवढ्या वेळात दोनदा शिजून होतो. म्हणून घरी पाण्याचा बंदोबस्त तव्यावर नव्हे, तव्याच्या आधी करावा लागतो.

पहिली तपासणी: हा बिघाड आहे का?

हे विचारणे फुकट आहे आणि आवश्यकही आहे. सोल पद्धतीची बुलगोगी मध्ये उंचवटा आणि कडेला खोलगट पन्हळ असलेल्या भांड्यात करतात. त्या पन्हळीत रस्सा मुद्दाम ओतलेला असतो, आणि त्यात मशरूम, कांदा व रताळ्याच्या पिठाच्या शेवया शिजतात. तुम्ही ज्या कृतीवरून करत आहात ती या पद्धतीची असेल, तर पाणी हा दोष नाही, ते अपेक्षितच आहे. याउलट दक्षिणेकडील ग्वांगयांगची बुलगोगी पातळ कापांना भाजण्याच्या जरा आधी हलका मसाला लावून निखाऱ्यांवर भाजतात. दोन्हींचे नाव एक, पण वागणूक पूर्ण निराळी. अनेक घरांत सोल पद्धतीचा पातळ मसाला वापरून ग्वांगयांगसारखा खरपूसपणा मिळावा अशी अपेक्षा केली जाते, आणि तिथेच गाडी अडते.

दुसरी तपासणी: तव्यावर एका वेळी किती मांस आहे?

तीस सेंटिमीटरच्या तव्यावर एका वेळी दीडशे ते दोनशे ग्रॅमपेक्षा जास्त मांस टाकू नये. काप एकमेकांवर चढू नयेत आणि तव्याचा निदान एक तृतीयांश भाग उघडा दिसला पाहिजे, कारण वाफ त्या मोकळ्या जागेतून निघून जाते. पाहुणे भुकेले आहेत म्हणून अर्धा किलो मांस एकदम ओतले की थंड मांस तव्याची साठलेली उष्णता शोषून घेते आणि सर्व कापांना एकाच वेळी पाणी सुटते. कोरियात मांस टेबलावरच भाजतात, थोडे भाजून थोडे खातात, आणि भाजणारा माणूस चिमटा व कात्री घेऊन जेवणभर तेच काम करतो. ही रीत केवळ गप्पांसाठी नाही. घाणे लहान राहावेत, हा तिचा व्यावहारिक फायदा आहे.

याच वेळी तव्याचे छिद्रही पाहावे. कोरियन तव्याला बहुधा एका कडेला चरबी वाहून जाण्यासाठी छिद्र असते आणि तवा त्या बाजूला उतरता असतो. त्या छिद्रात लसणाची चकती किंवा कांद्याचा तुकडा अडकला, की चरबी आणि पाणी दोन्ही तुंबतात. मी एकदा तासभर मसाला, आच, मांस असे सगळे तपासत बसले होते आणि दोष एका लसणाच्या पाकळीत निघाला, तेव्हापासून हे मी सुरुवातीलाच पाहते.

तिसरी तपासणी: मांस ओले आहे का?

इथे आपल्या सवयीचा थेट संबंध येतो. मटण आणि कोंबडी दोन-तीन पाण्यांतून धुऊन घेणे आपल्याकडे स्वच्छतेचा भाग मानले जाते, आणि रश्श्यासाठी त्याने चवीत काही बिघडतही नाही. बुलगोगीसाठी मशीनवर कापलेले कागदासारखे पातळ काप मात्र धुतले की पाणी घड्यांमध्ये अडकून बसते आणि नंतर ते काढता येत नाही. शिवाय कच्चे मांस नळाखाली धुतल्याने जंतूंचे शिंतोडे ओट्यावर उडतात. हे काप धुऊ नयेत. ते किचन टॉवेलवर एका थरात पसरावेत, वरून दुसरा टॉवेल दाबून लाल पाणी टिपून घ्यावे आणि मगच मसाला लावावा.

याला एक अपवाद आहे. हाडासकट आडवी कापलेली ‘एल ए गाल्बी’ आणली असेल, तर करवतीने कापताना पडलेला हाडांचा चुरा आणि रक्त काढण्यासाठी ती थंड पाण्यात अर्धा तास, पाणी एकदा बदलून, भिजवावीच लागते. त्यानंतर मात्र प्रत्येक पट्टी चाळणीत निथळून, दोन्ही बाजूंनी टिपून कोरडी करावी. इथे आळस केला तर पुढचे सर्व कष्ट वाया जातात.

मांस गोठवलेले असेल, तर ते आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात उतरवून ठेवावे. गोठताना मांसात बर्फाचे स्फटिक तयार होऊन पेशी फाटतात. घाईने कोमट पाण्यात किंवा मायक्रोवेव्हमध्ये वितळवले की कडा शिजू लागतात, मधला भाग गोठलेला राहतो आणि तव्यावर गेल्यावर तो पाणी सोडत राहतो.

चौथी तपासणी: मसाल्यात काय, किती आणि कधी घातले?

कोरियात मांसाचा एक ‘गुन’ म्हणजे ६०० ग्रॅम, आणि घरोघरच्या कृती याच मापाने सांगितल्या जातात. एक गुन मांसाला मी पाच ते सहा मोठे चमचे सोया सॉस, अडीच चमचे साखर, पाव कोरियन नाशपातीचा रस, एक मोठा चमचा वाटलेला लसूण, चिरलेली कांद्याची पात आणि मिरपूड घेते. या प्रमाणात मसाला मांसाला लागतो, भांड्याच्या तळाशी तळे साचत नाही. साचलेच, तर तव्यावर टाकण्यापूर्वी मांस चाळणीत दहा मिनिटे निथळू द्यावे. उरलेला मसाला भाजताना वरून ओतू नये.

सोया सॉसची बाटली नीट वाचावी. ‘जिन गानजांग’ मांसासाठी असते. ‘गुक गानजांग’ सूपसाठी असते आणि ती रंगाने फिकी असली तरी बरीच अधिक खारट असते. दुसरी बाटली त्याच प्रमाणात वापरली तर मांस खारट तर होतेच, पण मिठाने पाणीही जास्त ओढले जाते. नाशपाती किसून थेट घालण्याऐवजी फडक्यातून पिळून रस घ्यावा, कारण तिचा चोथा तव्यावर सर्वांत आधी करपतो. नाशपाती मिळाली नाही म्हणून किवी किंवा अननस घालणाऱ्यांनी अधिक सावध राहावे. त्यांतील पाचक द्रव्ये इतकी तीव्र असतात की ६०० ग्रॅम मांसाला एक मोठा चमचा किवी आणि अर्धा तास पुरेसा होतो. रात्रभर ठेवलेले पातळ काप सकाळी पिठूळ लगदा झालेले असतात, त्यांतले पाणी धरून ठेवणारे तंतूच तुटलेले असतात. असा लगदा तव्यावर दुरुस्त होत नाही. तो भाताबरोबर परतून संपवावा.

भाजलेल्या तिळांचे तेल अगदी शेवटी, तव्यावर टाकण्याच्या जरा आधी एक चमचा लावावे. ते आधी लावले तर कापांवर तेलाचा पडदा बसतो आणि मसाला आत मुरायला अडथळा होतो. भाजण्याचे तेल म्हणूनही ते वापरू नये, कारण ते लवकर धुरावते. तव्याला पुसायला साधे शुद्ध केलेले तेल घ्यावे.

कांदा, गाजर आणि मशरूम मसाल्यातच मांसाबरोबर मुरवण्याची पद्धत पुष्कळ घरांत आहे. खरपूस बुलगोगी हवी असेल, तर ती सोडावी. मशरूमचा नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग पाणीच असतो, आणि मिठाच्या संगतीत ते सारे बाहेर येते. भाज्या तव्याच्या दुसऱ्या बाजूला स्वतंत्रपणे भाजाव्यात.

बीफ न खाणाऱ्या घरांत हाच प्रकार डुकराच्या मांसाचा, गोचुजांग ही तिखट-गोड पेस्ट लावून केला जातो. गोचुजांगमध्ये साखरेबरोबर तांदळाचा स्टार्चही असतो, त्यामुळे ती सोया सॉसच्या मसाल्यापेक्षा लवकर जळते. इथे आच मध्यम ठेवून काप वारंवार उलटावेत आणि प्रत्येक घाण्यानंतर तवा ओल्या, घडी केलेल्या किचन टॉवेलने चिमट्यात धरून पुसावा. डुकराचे मांस आणि कोंबडी आतून पूर्ण शिजल्याची खात्री करावी, आणि कच्च्या मांसाचा चिमटा शिजलेल्याला लावू नये.

बानचानमधले पाणी

बानचानची वाटी पाणचट होणे हा वेगळा बिघाड नाही, तो हाच आहे. आपल्याकडे खमंग काकडी करताना काकडी चोचवून, मीठ लावून, पाणी पिळून मगच दाण्याचे कूट घालतात, आणि ज्याला हे माहीत आहे त्याला अर्धे बानचान येतच असते. ओइ मुचिमसाठी, म्हणजे मसाला लावलेल्या काकडीसाठी, दोन काकड्यांच्या चकत्यांना एक लहान चमचा मीठ लावून पंधरा मिनिटे ठेवावे, पिळावे आणि नंतर लाल तिखटाची गोचुगारू, लसूण, व्हिनेगर व तीळ लावावेत. पिळण्याचे टाळून थेट मसाला लावला, तर हेच पाणी जेवायला बसेपर्यंत वाटीत उतरते आणि मसाला धुऊन नेते.

पालकाच्या नामुलमध्ये, म्हणजे उकळत्या पाण्यातून काढून मसाला लावलेल्या भाजीत, चूक दोन ठिकाणी होते. पाने उकळत्या पाण्यात मिनिटाहून अधिक राहतात, आणि पिळताना हात हळवा पडतो. तीस सेकंद पुरेत. लगेच थंड पाण्यात टाकून, मुठीत गोळा करून, पाण्याची धार थांबून थेंब पडू लागेपर्यंत पिळावे. अगदी कोरडे पिळू नये, नाहीतर पाने दोरीसारखी लागतात. या ठिकाणी मात्र गुक गानजांगच योग्य, कारण थोडीशीच पुरते आणि पालकाचा हिरवा रंग काळवंडत नाही. सोयाबीनच्या मोडांचे कोंगनामुल करताना झाकण सुरुवातीपासून शेवटपर्यंत ठेवावे किंवा अजिबात ठेवू नये. मध्येच उघडझाप केल्याने कच्च्या सोयाबीनचा उग्र वास राहतो, असे इथली प्रत्येक गृहिणी सांगते आणि माझ्या हातूनही ते खरे ठरले आहे.

कांद्याच्या पातीचे तंतू थंड पाण्यात भिजवून तिखटपणा कमी केला, की ते फडक्यात गुंडाळून झटकावेत आणि मसाला मांस भाजायला घेतल्यावरच लावावा. सांगचूची आणि केन्निपची, म्हणजे लेट्युसची व पेरिलाची, पाने धुऊन उभी निथळत ठेवावीत. ओल्या पानात सामजांग, म्हणजे मांसाबरोबर पानात घालायचा घट्ट मसाला, टिकत नाही, तो मनगटावर ओघळतो.

पाचवी तपासणी: तवा

एवढे करूनही मांस शिजतच असेल, तर तव्याकडे वळावे. बिडाचा तवा मध्यम आचेवर पाच-सहा मिनिटे तापवून त्यावर पाण्याचा थेंब टाकावा. थेंब पसरून सूं करत आटला तर तवा थंड आहे, आणि मण्यासारखा गोल होऊन पळू लागला तर तयार आहे. न चिकटणाऱ्या लेपाच्या तव्याला ही कसोटी लावू नये. असा तवा रिकामा ठेवून मोठ्या आचेवर तापवल्यास साधारण २६० अंशांच्या पुढे त्याचा लेप विघटित होऊ लागतो आणि त्यातून निघणारी वाफ आरोग्यास घातक असते. तो एक-दोन मिनिटे मध्यम आचेवरच तापवावा, आणि लेप उडालेला असेल तर टाकून द्यावा. पातळ ॲल्युमिनियमचा तवा लवकर तापतो आणि मांस पडताच तितक्याच लवकर निवतो. त्याच्यावर घाणे आणखी लहान घ्यावेत. इंडक्शनवर तव्याचा फक्त मधला भाग तापतो, म्हणून मांस मध्येच भाजावे आणि कडा शिजलेले काप ठेवण्यासाठी वापरावी.

सामग्योपसाल, म्हणजे डुकराच्या पोटाकडील थरदार मांस, करणाऱ्यांना मसाल्याचा त्रास नसतो, तिथे प्रश्न चरबीचा असतो. उताराच्या खालच्या बाजूला किमची, म्हणजे तिखट मसाल्यात आंबवलेली कोबी, ठेवली की वाहणाऱ्या चरबीत ती खमंग परतली जाते. तव्यावरचा हा कोपरा मला सर्वांत प्रिय आहे.

सहावी तपासणी: शेगडी आणि डबा

टेबलावरच्या शेगडीत साधारण २२० ग्रॅमचा ब्युटेनचा डबा बसतो. जेवण अर्ध्यावर आल्यावर ज्योत लहान होत असेल, तर डबा हात लावून पाहावा, तो गार लागेल. द्रवरूप गॅसची वाफ होताना डब्यातील उष्णता खर्च होते, डबा थंड होतो आणि दाब घटतो. साधे ब्युटेन शून्य अंशाच्या किंचित खालीच द्रव राहते, त्यामुळे इथल्या जानेवारीत बाल्कनीत ठेवलेला डबा जवळजवळ निकामी असतो. उपाय इतकाच की खोलीच्या तापमानाला ठेवलेला दुसरा डबा लावावा आणि पहिला आपोआप पूर्ववत होऊ द्यावा. डबा गरम पाण्यात बुडवणे किंवा शेगडीजवळ धरणे जीवघेणे ठरू शकते.

याहून मोठा धोका उलट दिशेचा आहे. डब्याच्या कप्प्यावर झुकेल एवढा मोठा तवा शेगडीवर ठेवू नये, तव्याखाली ॲल्युमिनियमची फॉइल पसरू नये आणि दोन शेगड्या शेजारी लावून त्यांवर एक मोठे भांडे चढवू नये. तव्याची उष्णता खाली परतून डबा तापतो आणि फुटतो. कोरियात असे अपघात वर्षानुवर्षे होत आले आहेत.

इथे थांबावे

यापुढील गोष्टी घरी दुरुस्त करू नयेत. डबा हाताला गरम लागला, तर ताबडतोब गॅस बंद करून जेवण तिथेच थांबवावे. डब्याच्या जोडाशी सूं असा आवाज किंवा गॅसचा वास आला, तर ज्योत विझवावी, खिडक्या उघडाव्यात, विजेचे कोणतेही बटण दाबू नये. ती शेगडी पुन्हा वापरू नये, तिची रबरी कडी किंवा झडप स्वतः बदलू नये. स्वयंपाकघरातील जोडणीच्या गॅसची ज्योत बर्नर साफ करूनही पिवळी राहत असेल, तर गॅस पुरवणाऱ्या कंपनीच्या तंत्रज्ञाला बोलवावे. गळती आवरत नसेल तर बाहेर पडून कोरियात ११९ आणि भारतात एलपीजीसाठी १९०६ या क्रमांकावर फोन करावा. विजेची ग्रिल लावताच मुख्य बटण खाली पडत असेल, तर एक्स्टेन्शन बदलत बसण्याऐवजी इलेक्ट्रिशियनला दाखवावे.

तव्यावरील चरबीने पेट घेतला तर पाणी ओतू नये. गॅस बंद करून मोठे झाकण ठेवावे आणि तवा निवेपर्यंत ते उचलू नये. आग झाकणाबाहेर गेली तर घर सोडून फोन करावा.

कोळसा घरात, बंद बाल्कनीतही, पेटवू नये, मग चव कितीही हवी असो. खोली गरम करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या योनथान या कोळशाच्या वड्यांच्या कार्बन मोनॉक्साइडने या देशात एकेकाळी असंख्य कुटुंबे झोपेत दगावली, आणि त्या वायूला वास नसतो. भाजताना डोके दुखू लागले, मळमळले किंवा दोघांना एकदम गरगरले, तर सर्वांनी आधी मोकळ्या हवेत यावे आणि तिथून ११९ ला फोन करावा. खिडकी उघडून उरलेले मांस भाजायला परत आत जाऊ नये.